विहिरीवरील पंप चित्रात यावा

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऊर्जाबचतीविषयी शालेय विद्यार्थ्यांची राष्ट्रीय चित्रकला स्पर्धा २००५ साली सुरू केली. शाळा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्यांनी ती घेतली जाते. राष्ट्रीय पारितोषिके १४ डिसेंबर या ऊर्जासंवर्धन दिनी देण्याचा प्रघात आहे.

असा विषय निघाला की मुलांचा कुंचला दिवा व पंखा यांकडेच वळतो. खेड्यातील मुलाने मात्र आपल्या विहिरीवरील पंप न्याहाळावा. दर वेळी सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी ओतावे लागत असेल, तर फूटव्हॉल्व्ह गळत असण्याचा संभव असतो. नळाला अनावश्यक वाकणे असल्यास तेवढेच पाणी चढविण्यास वीज अधिक लागते. रात्री वीज येताच ऑटोस्विचने सुरू झालेला पंप भरलेल्या वाफ्यांतही पाणी सोडीत राहतो. वीज व पाणी तर वाया जातेच, शिवाय पिकाला दिलेले नत्र मुळांखाली निचरून जाते. हे सारे चित्रात उत्तम दाखविता येते.

कार्यकर्त्याने सांगितलेले वडीलधारी मंडळी पुष्कळदा नुसते ऐकून घेतात. घरच्या मुलाने दाखविलेला दोष लवकर दुरुस्त होतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिक्षकांच्या संमतीने मुलांना चालू पंप दाखवावा. तारांपासून मात्र त्यांना दूर उभे करावे. चित्रे ग्रामसभेच्या दिवशी चावडीवर लावावीत. चित्राखाली मुलाचे नाव असावे; विहीर कोणाची, ते लिहू नये.