मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील आज्ञावलीबाह्य योगदान

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली पाहण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा परवान्याद्वारे सर्वांना दिलेली असते, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. त्याच्या निर्मितीत आज्ञावली लिहिणाऱ्यांखेरीज माहितीपुस्तिकांचे लेखक, भाषांतरकार, चित्रकार, चाचणी घेणारे, दोष कळविणारे, नवख्यांचे शंकानिरसन करणारे इत्यादींचाही वाटा असतो. या सर्वांच्या कामास कायद्याचे संरक्षण मात्र सारखे नसते.

स्वामित्वहक्क म्हणजेच कॉपीराइट हा मूळ निर्मितीच्या अभिव्यक्तीला मिळतो. कल्पनेला वा केवळ श्रमाला नाही. भारतातील १९५७ च्या अधिनियमानुसार संगणक-आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. माहितीपुस्तिका हीदेखील साहित्यकृती, तर चित्र ही कलाकृती ठरते. लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये काढलेले लिनक्सचे पेंग्विन-चित्र कोणासही वापरता येते. मात्र विचारणा झाल्यास त्यांचा व गिंप या चित्र-सॉफ्टवेअरचा उल्लेख करावा लागतो. भाषांतरासही स्वतंत्र हक्क असतो. त्यासाठी लागणारी मूळ हक्कधारकाची अनुमती मुक्त परवान्यातच अंतर्भूत असते. तथापि ‘उघडा’, ‘जतन करा’ यांसारख्या सुट्या शब्दांवर हक्क निर्माण होत नाही. दोष शोधण्याच्या किंवा कार्यसंयोजनाच्या श्रमांवरही तो निर्माण होत नाही. अधिनियमाच्या कलम ५७ नुसार हक्क हस्तांतरित केल्यावरही कर्त्यास आपले कर्तृत्व सांगता येते. परंतु जेथे कृतीच नाही, तेथे या कलमाचा आधार मिळत नाही.

नोंदींच्या पद्धतीमुळे ही विषमता वाढते. गिट (२००५) या प्रणालीत फायलींतील प्रत्येक बदलाबरोबर त्याच्या कर्त्याचे नाव टिपले जाते. ज्या कामातून फाइल बदलत नाही, त्याची तीत आपोआप नोंद होत नाही.

म्हणून श्रेयाचा प्रश्न बव्हंशी प्रकल्पांच्या अंतर्गत संकेतांवर अवलंबून असतो. ग्नोम प्रकल्पातील सॉफ्टवेअरच्या परिचय-चौकटीत मराठीसह सर्व भाषांच्या भाषांतरकारांची नावे देण्याची सोय असते. डेबियन प्रकल्पाने (स्थापना १९९३) २०१० मध्ये सभासदांचे मत घेऊन, आज्ञावलींची बांधणी न करणाऱ्या योगदात्यांनाही मताधिकारासह पूर्ण सभासदत्व देण्याचे ठरविले. यावरून श्रेय म्हणजे केवळ नामोल्लेख नसून, प्रकल्पाच्या निर्णयांतील सहभागही त्यात मोडतो, हे स्पष्ट होते.