फौजी छापाची पँट घालून राब भाजताय? आधी कापड ओळखा

बदलापूर : राब भाजायचे दिवस आले की अंबरनाथ तालुक्यातल्या शेतांवर धुराचे पट्टे दिसू लागतात. शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती टाकायची, पेटवायचं आणि काठीनं आग सारखी करत राहायचं. वारा फिरला तर ओली फांदी घेऊन धावायचं. हे काम करणाऱ्या पोरांच्या अंगावर आता जुना सुती सदरा क्वचितच असतो. असते ती उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली ठिपक्यांची 'मिलिटरी' ट्रॅक पँट आणि तसलाच टी-शर्ट. फौजी छाप म्हणजे कपडा दणकट, असा सरळ हिशोब. काट्याकुट्यात तो टिकेलही. पण आगीजवळ घालायला याच्याइतका वाईट कपडा नाही.

कारण छाप फौजेसारखा असला तरी धागा तसा नसतो. बाजारातल्या स्वस्त ट्रॅक पँट बहुतेक पूर्ण पॉलिएस्टरच्या असतात. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉनचे काही प्रकार तर 220 च्या आसपासच. वितळलेला रस कातडीवर पडला की तिथंच चिकटतो आणि थिजेपर्यंत भाजत राहतो. सुती कापडही जळतं, भराभर जळतं, त्यात खोटं काही नाही. पण ते वितळत नाही, त्याची राख होते आणि अंगावरून झटकता येते. भाजण्याची जखम वरवरची की खोल, हे बऱ्याचदा इथंच ठरतं.

हा धडा जगातल्या मोठ्या सैन्यांनाही रणांगणावरच मिळाला. इराकमध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक उन्हामुळे वर्दीखाली घाम शोषणारे चकचकीत सिंथेटिक टी-शर्ट घालायचे. गाडीखाली स्फोट होऊन आग लागली की ते बनियन अंगाला वितळून बसायचे. शेवटी एप्रिल 2006 मध्ये तळाबाहेर जाताना असे कपडे घालायला मनाईच झाली. जिममध्ये आणि भरतीच्या पळण्यात आपल्याकडची पोरं घालतात, तोच हा प्रकार.

आता आपल्या फौजेचं काय? सुट्टीवर आलेला जवान पारावर बसला की नव्या वर्दीची चर्चा निघतेच. ही वर्दी 15 जानेवारी 2022 रोजी, सेना दिनाच्या संचलनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, ती लष्करासोबत तयार केली. ठिपके संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटींसारखे, म्हणून लोक तिला 'डिजिटल' म्हणतात. ऑलिव्ह आणि मातकट अशा रंगांची मिसळ अशी, की जंगल, वाळवंट, डोंगर सगळीकडे बऱ्यापैकी चालावी. शर्ट पँटमध्ये खोचायचा नाही, पट्टा आत, आणि खाली गोल गळ्याचा टी-शर्ट. कापड सुती 70 टक्के आणि पॉलिएस्टर 30 टक्के.

हा 70-30 चा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे. नुसतं सुती घेतलं तर घाम आणि पाऊस धरून ठेवतं, जड होतं, लवकर विरतं. नुसतं पॉलिएस्टर घेतलं तर हलकं, चटकन वाळणारं, पण उन्हात अंग उकडणारं आणि आगीत वितळणारं. म्हणून मधला मार्ग. पण मधला मार्ग म्हणजे आगीपासून कवच नव्हे. सुती-पॉलिएस्टर मिसळीत एक वेगळीच खोड आहे : सुताचा जळका सांगाडा वितळलेल्या पॉलिएस्टरला दिव्याच्या वातीसारखा धरून ठेवतो आणि दोन्ही मिळून जळत राहतात. फौजी कपडा म्हणजे आग न लागणारा कपडा, हा गैरसमज असली वर्दीबाबतही ठेवू नये.

खरा आगरोधक कपडा वेगळ्याच धाग्याचा असतो. त्याला अरामिड म्हणतात. नोमेक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव. हा धागा वितळत नाही, ज्वाळेत काळा पडून जाड होतो आणि ज्वाळा बाजूला केली की विझतो. विमानातल्या, रणगाड्यातल्या आणि अग्निशमन दलातल्या माणसांना जगभर असा कपडा देतात, कारण त्यांच्या आजूबाजूला इंधन असतं. मग सगळ्याच सैनिकांना का देत नाहीत? एक तर महाग. दुसरं म्हणजे त्याला रंग नीट चढत नाही, म्हणजे छद्म रंगाचं काम अवघड. आणि उकाडा होतो. अमेरिकेनं त्यावर रेयॉन 65, अरामिड 25 आणि नायलॉन 10 टक्के अशी मिसळ काढली. तीही थोडाच वेळ देते. तेवढ्यात माणसानं आगीतून बाहेर पडायचं.

हेल्मेटचीही तीच ओढाताण आहे. डोक्याचा गोल आकार निसर्गात सहसा कुठं नसतो, म्हणून लांबून आधी तोच ओळखू येतो. ऊन पडलं की चमक दिसते ती वेगळी. म्हणून हेल्मेटवर ठिपक्यांचा कपडा चढवतात, वर जाळी टाकतात, जाळीत तरटाच्या पट्ट्या किंवा गवत-पाला खोचतात, म्हणजे गोल कडा तुटते. पाला खोचला की काम संपलं असंही नाही. तोडलेलं पान उन्हात दोन-चार तासांत मरगळतं, रंग बदलतं, आणि हिरव्या रानात पिवळं डोकं उठून दिसतं. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. पण बघा, लपायला बांधलेलं तेच सुकं तरट आणि गवत ठिणगी पडली तर आधी पेटणार. लपणं आणि आगीपासून वाचणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, आणि कपडा ठरवणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी हीच असते.

काश्मीरमध्ये आपल्या जवानांनी वर्षानुवर्षं डोक्याला 'पटका' बांधला. ही गोळी अडवणारी जड धातूची पट्टी कपाळ आणि मागची बाजू झाकते, पण डोक्याचा वरचा भाग उघडाच राहतो. नंतर कानपूरच्या एमकेयू कंपनीला 1 लाख 58 हजार नव्या हेल्मेटची ऑर्डर मिळाली, तेव्हा कुठं पूर्ण डोकं झाकणारं हलकं हेल्मेट मोठ्या संख्येनं आलं.

धुण्याचीही गंमत आहे. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत चमक आणणारं रसायन घालतात. छद्म वर्दी त्यात धुतली तर रात्रीच्या दुर्बिणीत ती उठून दिसू शकते, म्हणून सैन्यं अशी पावडर आणि कडक कांजी टाळायला सांगतात. आगरोधक प्रक्रिया केलेल्या सुती कापडालाही ब्लीच चालत नाही. कंपनीतून मिळालेला सुरक्षेचा डगला घरी ब्लीचमध्ये भिजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्या भागाचा संबंध

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे म्हणून वर्दी इथंच शिवली जाते, असं काही जण ठासून सांगतात. तसं नाही. अंबरनाथचं काम धातूचं. 1 ऑक्टोबर 2021 पासून ती फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे आहे आणि शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कपड्यांचं खातं ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडकडे गेलं. त्यांचं मुख्यालय कानपूरला आणि कारखाने कानपूर, शहाजहानपूर, हजरतपूर, आवडी इथं.

उल्हासनगर मात्र जन्मानंच फौजी. दुसऱ्या महायुद्धात कल्याण कॅम्प म्हणून सैनिकांच्या बराकी इथं उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहिली आणि 8 ऑगस्ट 1949 ला गावाला उल्हासनगर नाव मिळालं. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच असंच बोलतात. पुढं इथं कापड आणि जीन्सचा धंदा इतका वाढला की 'मेड इन यूएसए'चा अर्थ लोक उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा लावू लागले. कुठलाही छाप इथं आठवड्यात बाजारात येतो, मग फौजेचा कसा मागं राहील?

पण इथं कायदा आडवा येतो. नव्या वर्दीचं डिझाइन आणि छाप लष्करानं नोंदवून घेतला आहे. पेटंट कार्यालयाच्या 21 ऑक्टोबर 2022 च्या पत्रिकेत ती नोंद प्रसिद्ध झाली. नोंदणी 10 वर्षांची, पुढं 5 वर्षं वाढवता येणारी. परवानगीशिवाय तो छाप बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. जवानांसाठी वर्दीचं कापड लष्कराच्या कँटीन डेपोंतून मिळण्याची सोय केली गेली, त्यात मुंबई आणि खडकी ही जवळची नावं होती.

आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून वर्दी किंवा तिच्यासारखा पोशाख घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रानात साधी ठिपक्यांची पँट घालणं म्हणजे हा गुन्हा नव्हे, हेतू बघितला जातो. सोसायट्यांत वॉचमनची नोकरी करणाऱ्यांसाठी नियम जास्त कडक आहे. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा 2005 नुसार फौजेसारखा किंवा पोलिसांसारखा पोशाख घातला तर रखवालदार आणि एजन्सीचा मालक दोघंही अडकतात. शिक्षा एक वर्षापर्यंत. एजन्सीनं असा ड्रेस दिला तर घेऊ नका.

घरच्या घरी कापड कसं ओळखाल

लेबलवर विश्वास ठेवू नका. शिवणीच्या आतल्या बाजूचे चार-पाच धागे काढा. अंगणात, पाण्याचं तांब्याभर भांडं जवळ ठेवून, धागे चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख पडते. पॉलिएस्टर ज्वाळेपासून आकसतं, थेंब होतो, काळा धूर निघतो आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. मणी आणि राख दोन्ही दिसलं तर मिसळ. केस जळाल्यासारखा वास म्हणजे लोकर. ती सहजासहजी पेटत नाही, म्हणून जुनं घोंगडं आग झाकायला कामाचं.

राब भाजताना, वणवा विझवायला जाताना, चुलीशी आणि फटाक्यांच्या वेळी घट्ट विणीचे जाड सुती कपडे घाला. बाह्या पूर्ण, टोकं लोंबणारी नकोत. जुनी जाड जीन्स ट्रॅक पँटपेक्षा कितीतरी बरी, फक्त ताणली जाणारी, सिंथेटिक मिसळीची नको. पायात प्लास्टिकची चप्पलही नको, ती पण वितळतेच.

एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांनी 23 मे 2024 चा डोंबिवलीचा स्फोट आठवावा. उष्णतेजवळ काम असेल तर आयएस 15748 मानकाचा कपडा मागा. तो द्यायची जबाबदारी कंपनीची आहे, कामगारानं पदरचे पैसे घालायचे नसतात. आणि वर आगरोधक डगला, आत पॉलिएस्टरचं बनियन, असं चालत नाही. उष्णता आत शिरली की बनियन वितळू शकतं. आतलं सुतीच हवं.

अंगावरचा कपडा पेटला तर पळू नका, पळाल्यानं आग वाढते. जमिनीवर लोळा किंवा जाड घोंगडीनं झाका. विझल्यावर भाजलेल्या जागेवर वाहतं साधं पाणी 20 मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. अंगठी, बांगडी, करदोटा सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. आजूबाजूचं कापा आणि तेवढं तसंच राहू द्या, ते दवाखान्यात काढतील. स्वच्छ सुती कापड सैल पांघरून 108 ला फोन करा. आगीसाठी 101. जवळ उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, आणि जास्त भाजलेल्यांसाठी नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर.