वारा किती द्यायचा

सकाळी ६
भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं धुराडं पेटायला अजून अवकाश आहे. एकदा बीडकडच्या टोळ्या फडात उतरल्या की कोयत्यांची रांग लागते, मग भट्टी बांधायला सवड कुठली? म्हणून आजच.

७
साहित्य भंगारातलं. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून हवा द्यायला पाइप, हाताने फिरवायचा लोखंडी पंखा. पाइप काळाच हवा. जीआय पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो तापला की धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. भंगारवाला म्हणतो, "एकच हाय की." एकच नाही.

८:३०
ड्रमला आतून मातीचं अस्तर. अंथुर्ण्याच्या शिवारातली काळी माती उसाला सोन्यासारखी, भट्टीला मात्र बिनकामाची. वाळली की भेगाळते. चिकणमातीत विटांची सुरखी आणि वाळू मिसळून, पाणी बेताचंच घालून, ती मुठीने ठोकून बसवली.

१० ते १
आत गोवऱ्यांची मंद धग. घाई केली तर मातीतल्या पाण्याची वाफ होऊन अस्तर सुटतं. तोवर बाभळीच्या ओंडक्यावर ऐरण बसवली. मूठ वळून सरळ उभं राहावं. बोटांची पेरं जिथं येतात, तिथवर ऐरणीचं तोंड. एवढं जमलं नाही तर संध्याकाळी कंबर बोलते.

दुपारी २
लाकडी कोळसा टाकून पेटवली. ब्लोअर जोडला असता तर काम हलकं झालं असतं, पण लाईटचा भरवसा नाही. शिवाय मोटर एकाच जोराने फुंकत राहते. वस्तीवरचे एक म्हातारे लोहार पायरीवर बसून बघत होते. जन्मभर भाता ओढलेला माणूस. मी पंखा जोरात फिरवला तसे म्हणाले, "आरं, लोखंड तापवायचंय का जाळायचंय?"

खरंच जळतं. पोलाद पांढरंफेक झालं आणि ठिणग्या फुलबाजीसारख्या उडाल्या की तो तुकडा गेला. पुन्हा ठोकून सुधारत नाही. लोखंड पाइपच्या तोंडाशी नेऊ नये, तिथं न जळलेली हवा थेट लागून कीट धरते. वर, निखाऱ्यांच्या पोटात ठेवावं, आणि रंग आला की वारा कमी. पाइपमध्ये पत्र्याची सरकती पट्टी बसवली ती यासाठीच. माझ्या मते अख्ख्या भट्टीत तीच कामाची. बाकी सगळं कोळसा धरून ठेवायला.

४
कमानीच्या पाट्यातून एक कोयता घडवून पाहिला. जवळच वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या मोटारींची कवचं बनतात. तिथं तापमान मोजायला यंत्रं. इथं लोहचुंबक. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं. त्याच्या किंचित पुढं नेऊन धार तेलात बुडवली. म्हणायचं 'पाणी दिलं', पण कमानीचं पोलाद पाण्यात तडकण्याची भीती. मग घासून चकचकीत केलं आणि पाठीकडून हळूच शेकलं. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग धारेकडे सरकतात. रंधा असता तर पिवळ्यावर थांबलो असतो. बुडख्याशी मातीत, दगडावर आपटणाऱ्या कोयत्याला जांभळा बरा.

"आता वारा कळला तुला," म्हातारबा म्हणाले आणि चहा मागितला.

६:३०
निखारे सांडशीने बाहेर काढून बादलीत विझवले. भट्टीत पाणी ओतायचं नाही, अस्तर तडकतं. विझलेले कोळसे वाळत घातले. उद्या पेटवणीला चालतील.