पुन्हा पुन्हा येणारे गळू

काशिराज दिवोदासाने सुश्रुताला शल्यविद्या शिकविली, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत गळवाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून नाडीव्रणाचेही वर्णन आहे. परंतु काही गळवांची नुसती अवस्था ओळखून भागत नाही. ती पुन्हा पुन्हा का येतात, हे पाहावे लागते.

'हिड्राडेनायटिस सप्पुरेटिव्हा' हा असाच विकार. १८५४ साली फ्रेंच शल्यविशारद व्हर्नय याने त्याचा संबंध घर्मग्रंथींशी जोडला. केसाच्या मुळाशी असलेली नलिका तुंबून तो सुरू होतो, हे पुढे कळले.

केवळ रक्त तपासून त्याचे निदान होत नाही. गाठी खोल व दुखऱ्या आहेत काय? त्या काखेत, जांघेत, स्तनांखाली वा नितंबांवर येतात काय? सहा महिन्यांत दोनदा तरी उद्भवल्या काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असल्यास या रोगाचे निदान करतात. मात्र क्षयाचे व्रण किंवा भगंदर नाही ना, हेही पडताळावे लागते.

रोगी लाजेने बोलत नाही, प्रत्येक गळू निराळे समजून फोडले जाते आणि वर्षे निघून जातात. तोवर त्वचेखाली नाड्या पसरतात. हा रोग संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेचे फळही नव्हे. म्हणून दुसरे गळू येताच पहिल्याची हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी.