शिवसागराच्या कांठाकांठानें

मोटारहोडींतून सरोवराच्या कांठाकांठानें दिवसभर संथपणें हिंडणें ही करमणूक आपल्याकडे अद्याप फारशी रुळलेली नाहीं. लाँच म्हणजे पैलतीरीं पोंचविणारें वाहन, एवढीच आपली तिच्याशीं ओळख. तिच्यांत बसून कोठेंच न पोंचण्याची कल्पना मराठी मनास जराशी उधळेपणाची वाटते. तरीहि महाबळेश्वराच्या खालीं तापोळ्यास होडी घ्यावी आणि बामणोलीवरून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत असा एक दिवस जरूर घालवावा. मात्र ज्या कांठानें आपण जाणार तो खरोखर कांठच नव्हे, हें समजून घेऊन निघालेलें बरें.

कोयना महाबळेश्वरीं उगम पावते, सह्याद्रीच्या मुख्य धारेस समांतर अशी दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकाजवळ एकदम पूर्वेस वळून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. या वळणानजीक १९५४ सालीं धरणाचें काम सुरू झालें. १०३ मीटर उंचीची ती भिंत उभी राहिल्यावर मागच्या खोऱ्यांत सुमारें ५० किलोमीटर लांबीचें पाणी साठलें, तोच हा शिवसागर. नैसर्गिक सरोवराला लाटांनीं शतकानुशतकें घांसून तयार केलेला किनारा असतो, उथळ पाण्याचा पट्टा असतो. येथें पाणी थेट डोंगराच्या कुशीला टेकलेलें आहे. पूर्वी जेथें ओढा होता तेथें आज खाडीसारखी आंत शिरलेली पाण्याची जीभ दिसते, आणि डोंगराची जी सोंड होती तिचें भूशिर झालें आहे. कांठ धरून जाऊं म्हटल्यास अशा प्रत्येक जिभेंत शिरून बाहेर यावें लागतें. नकाशावर बोटभर दिसणारें अंतर मग सरतां सरत नाहीं. मौज आहे ती त्यांतच.

शिवाय हा कांठ बारा महिने एका जागीं राहत नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस सरोवर तुडुंब असतें. पुढें वीज आणि शेती यांसाठीं पाणी निघूं लागतें व वैशाखापर्यंत झाडीची रेघ आणि पाण्याची रेघ यांच्यामध्यें तांबड्या मातीचा उघडा पट्टा रुंदावत जातो. त्यांत बुंधे असतात, शेतांचे जुने बांध असतात. कार्तिकांत होडी जेथून निर्वेध गेली तेथेंच फाल्गुनांत तिचा पंखा बुंध्यावर आपटावयाचा. म्हणून जाणता होडीवाला कांठापासून अंतर राखतो आणि उतरण्याच्या जागीं यंत्र बरेंच आधीं मंद करतो.

संथ जाण्याला आणखीहि एक कारण आहे. पाणी कापीत जाणारी होडी स्वतःची एक लाट उठवीत असते. वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते, आणि लाटेची लांबी होडीइतकी झाली कीं होडी जणूं आपणच केलेल्या चढणीवर अडकते. २५ फुटी होडीच्या बाबतींत ही मर्यादा ताशीं सुमारें १२ किलोमीटरवर येते. त्यापुढें यंत्र कितीहि गुरगुरलें तरी तेल जळतें, वेग बेताचाच वाढतो. हलक्या, चपट्या तळाच्या होड्या ही चढण ओलांडून पाण्यावर उचलल्या जातात खऱ्या. पण त्यांच्या मागची उसळी कांठाची सैल माती ओढून नेते. अशा होडींतून हा प्रदेश पाहणें म्हणजे, मला विचाराल तर, आगगाडींतून देवदर्शन.

सकाळीं लवकर निघावें. तेव्हां पाणी बहुधा निवांत असतें. दुपारीं डोंगर तापून वारा सुटतो आणि परतीच्या वाटेवर होडी हिंदकळूं लागते. तरंगविणारें जाकीट अंगांत घालण्यास संकोच करूं नये. वासोट्यावर चढावयाचें तर वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यांत ती वाट बंद असते. तापोळ्यासमोर कांदाटीचें खोरें लागतें. तेथील गांवकऱ्यांना लाँच ही करमणूक नव्हे. दवाखाना, बाजार, शाळा यांसाठीं त्यांना ती लागते. त्यांची लाँच समोरून आली तर आपली बाजूस घ्यावी.

मधोमध यंत्र थांबविलें तर शांतता विलक्षण वाटते. आपल्याखालीं त्या वेळीं कोणाचें तरी भातखाचर असतें. पाणी चढूं लागलें तेव्हां येथील माणसें उठलीं. कांहीं वर डोंगरावर सरकलीं, कांहीं ठाणें, सोलापूर, आजचा रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत गेलीं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्यांत झाला तो १९७६ सालीं, म्हणजे तीं उठल्यानंतर. मधल्या काळांत ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे भूकंपानें याच खोऱ्यांतील घरें पाडलीं. आणि पाणी? त्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस पोफळीकडे उतरतो, वीज देतो आणि वाशिष्ठींतून समुद्रास मिळतो. त्या विजेवर शहरांतील दिवे लागतात, आपल्या घरांतलेहि.

होड्या चालविणारी मंडळी बहुधा याच खोऱ्यांतलीं. त्यांना विचारावें, पाण्याकडे बोट करून ते आपला जुना गांव कोठें होता तें नेमकें सांगतात.