गोधडीची भूमिती आणि वऱ्हाडातील दोन शहरे

जुन्या, धुवून मऊ पडलेल्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने, म्हणजे कापडाच्या वर-खाली धावणाऱ्या साध्या टाक्याने, एकजीव केले की गोधडी तयार होते. कापूस भरलेली ती दुलई किंवा रजई. गोधडीला जाडी येते ती लुगडी, धोतरे आणि सदऱ्यांच्या थरांनी. कापसावर बाजारपेठा उभ्या करणाऱ्या वऱ्हाडातही घरातील अंथरूण असे वापरून झालेल्या कापडातूनच घडत आले. अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक ज्यांना गोधडेबुवा म्हणत, त्या गाडगेबाबांची समाधी अमरावतीतच आहे.

गोधडीच्या सजावटीचा विषय निघाला की फुले, वेली आणि मोर पुढे केले जातात. परंतु सुती कापड उभ्या-आडव्या धाग्याला धरून सरळ फाटत असल्यामुळे हाती येणारे तुकडे मुळात पट्ट्या आणि चौकोनच असतात, आणि म्हणून या कलेची खरी ओढ निसर्गातील वळणांपेक्षा बांधलेल्या, रचलेल्या वस्तूंकडे आहे. अशा वस्तू शहरात पावलोपावली दिसतात.

अमरावतीचा परकोट हे याचे सर्वांत समृद्ध उदाहरण होय. पेंढाऱ्यांपासून सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने 1807 मध्ये हा दगडी तट बांधायला घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे लहान दारे, होती. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. दगडी बांधकामात वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देण्याच्या रीतीला सांधेमोड म्हणतात. हीच रीत गोधडीत आणायची तर पट्ट्यांची प्रत्येक ओळ अर्ध्या तुकड्याने सरकवावी लागते, आणि त्याचा लाभ केवळ डोळ्यांना होत नाही: चार तुकड्यांची टोके एका बिंदूवर न आल्यामुळे तेथे शिवणीचा जाड गोळा होत नाही आणि अंथरूण सपाट राहते. काळ्या दगडासाठी विटलेले काळे, करडे आणि निळसर कापड पुरते.

अकोल्यात नजर कापसाच्या व्यवहाराकडे वळते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झालेली रुई दाबून बांधलेल्या गाठी सुमारे 170 किलोच्या असतात, आणि त्यांवरील समान अंतराच्या आवळपट्ट्या फिक्या कापडावर अरुंद गडद पट्ट्या जोडून उतरवता येतात. दुकानाच्या शटरच्या आडव्या पन्हळींचे काम तर तुकड्यांशिवाय, नुसत्या समांतर टाक्यांनी भागते.

ही दृष्टी जगाला अपरिचित नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून एकात एक चौकोन बसवत नेलेली जी रचना घडवली, तिला त्या ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचे छप्पर, म्हणतात. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. कडेपासून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांनी टाके घालत जाण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक गोधड्यांतही आहे. वऱ्हाडातील शिवणाऱ्या हातांनी ती परकोटाच्या आणि गाठींच्या रचनेशी जोडावी, आणि त्या नमुन्यांना आपल्याच वेशींची व पेठांची नावे द्यावीत.