कर्जाचा नकाशा आणि उन्हाचा नकाशा

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. त्यांतली कोणी तिथे घर घ्यायला निघाली की इथे बडोद्यात आई-वडिलांची फोनवर चर्चा सुरू होते. वस्ती कशी आहे, शाळा जवळ आहे का, व्याजदर किती पडला. बोलता बोलता मुले सांगून जातात, "त्या भागात नको, तो भाग चांगला नाही." तो भाग चांगला का नाही, हे सहसा कोणी विचारत नाही. आम्ही आयुष्यभर बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासली, त्यामुळे आमच्या मनात हा प्रश्न घर करून राहिला. त्यावर वाचायला लागलो, तर उत्तर आमच्याच धंद्यात सापडले. अशा अनेक वस्त्यांची गोष्ट गृहकर्जाच्या नियमांपासून सुरू होते आणि ऊन, धूर आणि दम्याच्या आकड्यांपर्यंत येऊन पोहोचते. ती गोष्ट या लेखात सांगायची आहे.

नकाशा कोणी काढला?

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लाखो लोकांचे गृहकर्जाचे हप्ते थकले आणि घरांचे लिलाव होऊ लागले. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' ही संस्था स्थापन केली. थकलेले कर्ज ती स्वतःकडे घेई आणि १५ वर्षांच्या मुदतीने नवे हप्ते बांधून देई. सुमारे १० लाख कर्जे तिने अशी सावरली. आपण ज्याला कर्जाची पुनर्रचना म्हणतो तेच हे काम, आणि ते उपयोगाचे होते.

पुढे १९३५ ते १९४० या काळात या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. प्रत्येक वस्तीला जोखमीप्रमाणे श्रेणी आणि रंग दिला. 'ए' हिरवा, 'बी' निळा, 'सी' पिवळा आणि 'डी' लाल. घरे किती जुनी आहेत, रहिवाशांचे उत्पन्न किती आहे, हे तर पाहिलेच. पण वस्तीत कोणत्या वंशाचे लोक राहतात, याचीही नोंद केली. जिथे कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती, त्या वस्त्या जवळजवळ हमखास लाल रंगात गेल्या. वस्ती पाहून कर्ज नाकारण्याच्या या पद्धतीला पुढे 'रेडलायनिंग' हे नाव पडले.

सगळा दोष या एका नकाशाच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. या संस्थेची बरीचशी कर्जे नकाशे होण्याआधीच वाटून झाली होती आणि त्यांतली काही लाल भागांतही गेली होती. जास्त नुकसान केले ते १९३४ मध्ये स्थापन झालेल्या 'फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन'ने. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे, बँकांनी दिलेल्या गृहकर्जाचा विमा उतरवी. विमा मिळाला की बँक कमी मार्जिनवर, लांब मुदतीने आणि कमी व्याजाने कर्ज देई. विमा नसला की हात आखडता घेई. या संस्थेच्या नियमपुस्तिकेत वेगळ्या वंशाचे लोक वस्तीत येणे हा मालमत्तेची किंमत पाडणारा धोका मानला होता. म्हणजे अर्जदाराचा पगार, नोकरी, परतफेडीची सवय सगळे चोख असले, तरी गाडी पत्त्यावर आणि वर्णावर अडत असे.

पै-पै जमवणारी बँक

यासाठी एकच शहर जरा जवळून पाहू. व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. तिथे जॅक्सन वॉर्ड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. याच वस्तीत १९०३ मध्ये मॅगी वॉकर या कृष्णवर्णीय बाईंनी 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' काढली. अमेरिकेत बँक स्थापन करून तिच्या अध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. नावाप्रमाणेच ही बँक अगदी छोट्या ठेवी स्वीकारी आणि आपल्या लोकांना घरासाठी कर्ज देई. वस्तीत दुकाने होती, नाटकगृहे होती, डॉक्टर-वकिलांचे व्यवसाय होते. लोक तिला कृष्णवर्णीयांची वॉल स्ट्रीट म्हणत.

अशी ही कष्टाळू, बचत करणारी वस्तीसुद्धा नकाशावर लाल झाली. १९५०च्या दशकात शहरातून महामार्ग न्यायचे ठरले, तेव्हा तो नेमका जॅक्सन वॉर्डच्या मधून काढला गेला. शेकडो घरे पाडली गेली, वस्तीचे दोन तुकडे झाले आणि १९५८ मध्ये रस्ता सुरू झाला. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला त्या रस्त्याचा धूर आणि आवाज आला. इतर अनेक शहरांतही महामार्ग असेच कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून गेले.

कर्ज नाकारल्याने ऊन कसे वाढते?

इथे वाचक विचारतील, कर्जाचा आणि उन्हाचा संबंध काय? तो पायरी-पायरीने पाहावा लागतो.

वस्तीत कर्ज मिळत नाही, म्हणून घराची डागडुजी होत नाही. घर विकायला काढले तर घेणाऱ्यालाही कर्ज मिळत नाही, म्हणून भाव पडतो. ज्यांना शक्य आहे ते निघून जातात आणि घरे भाड्याने जातात. भाडेकरू दारात सावलीचे झाड लावण्याच्या भानगडीत पडत नाही आणि मालक तिथे राहत नाही. अमेरिकेत स्थानिक सोयींचा बराच खर्च मालमत्ता करातून चालतो, आणि या वस्तीतून करही कमी मिळतो. जमीन स्वस्त आणि तक्रार करणाऱ्यांचा नगरपालिकेत आवाज नाही, म्हणून कारखाना, गोदाम, कचरा डेपो, महामार्ग यांना तीच जागा सोयीची ठरते. काही वर्षांत तिथे डांबर आणि काँक्रीट वाढते, बागा आणि झाडे वाढत नाहीत. डांबर दिवसभर ऊन शोषते आणि रात्री ती उष्णता बाहेर टाकते.

हिरव्या वस्तीत याच्या नेमके उलटे घडते. १९४० मध्ये लावलेल्या झाडाची आज दाट सावली असते. खातेदाराला चक्रवाढ व्याज समजावताना आम्ही सांगत असू, की सुरुवातीला फरक दिसत नाही, तो वीस-तीस वर्षांनी दिसतो. इथेही तसेच झाले.

हा फरक आता मोजला गेला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १०८ शहरी भागांचे जुने नकाशे आणि उपग्रहांनी टिपलेले जमिनीचे तापमान एकमेकांशी ताडून पाहिले. त्यांतल्या ९४ टक्के ठिकाणी पूर्वीचे लाल भाग इतर भागांपेक्षा जास्त तापलेले आढळले. देशभराची सरासरी काढली तर हा फरक सुमारे २.६ अंश सेल्सियस होता आणि काही ठिकाणी तो ७ अंशांपर्यंत गेला होता. कॅलिफोर्नियातल्या ८ शहरांच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले, की दम्यासाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागण्याचे प्रमाण पूर्वीच्या लाल भागांत सर्वांत वरच्या श्रेणीच्या भागांच्या २.४ पट आहे. ज्यांनी ते नकाशे काढले त्यांपैकी आज कोणी नसेल, पण मुलांच्या छातीतली घरघर अजून चालू आहे.

हा गरिबीचा प्रश्न नाही का?

गरीब माणूस स्वस्त जागेत राहतो आणि स्वस्त जागा कारखान्याजवळ असते, यात वर्णाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. ही शंका अमेरिकेतही घेतली गेली आणि तिची तपासणी झाली.

१९७९ मध्ये ह्यूस्टन शहरात एका कृष्णवर्णीय वस्तीजवळच्या कचरा डेपोविरुद्ध दावा दाखल झाला. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी शहरातल्या कचऱ्याच्या जागांची यादी केली. शहरात कृष्णवर्णीय साधारण २५ टक्के होते. पण महापालिकेचे पाचही कचरा डेपो आणि कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा भट्ट्या त्यांच्याच वस्त्यांत निघाल्या.

त्याच सुमारास व्हर्जिनियाला लागून असलेल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक प्रकरण गाजले. १९७८ मध्ये विल्हेवाटीचा खर्च वाचवण्यासाठी काही जणांनी 'पीसीबी' हे विषारी रसायन मिसळलेले तेल शेकडो किलोमीटर रस्त्यांच्या कडेला ओतून दिले. दूषित माती पुरायला सरकारने वॉरेन काउंटी निवडली. तिथली बहुसंख्य वस्ती गरीब आणि कृष्णवर्णीय होती, आणि भूजलही उथळ होते. १९८२ मध्ये लोक मातीच्या ट्रकांसमोर रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. डेपो थांबला नाही आणि त्याची सफाई पुरी व्हायला पुढे दोन दशके लागली.

या आंदोलनानंतर 'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट' या चर्चच्या आयोगाने देशभर पाहणी केली आणि १९८७ मध्ये अहवाल काढला. घातक कचऱ्याची केंद्रे कुठे आहेत, याच्याशी कोणती गोष्ट सर्वांत जास्त जुळते? कुटुंबाचे उत्पन्न आणि घराची किंमत यांपेक्षाही रहिवाशांचा वंश जास्त जुळतो, असे त्यात आढळले. म्हणजे गरिबी कारण होतीच, पण सगळे कारण नव्हती.

कायद्याने काय केले?

घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करण्यास १९६८ मध्ये बंदी झाली. १९७७च्या कायद्याने बँकांवर जबाबदारी आली, की ज्या भागातून ठेवी घेता त्या भागातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांचीही कर्जाची गरज भागवा. आमच्या बँकवाल्या मित्रांना इथे आपल्या प्राधान्य क्षेत्र कर्जाची आठवण होईल. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खात्यांना गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवर पडणारा प्रदूषणाचा जादा भार लक्षात घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो रद्द केला.

कायदा पुढचे कर्ज सुधारू शकतो. ऐंशी वर्षांपूर्वी न लावलेल्या झाडाची सावली तो आज देऊ शकत नाही. त्यासाठी त्याच वस्त्यांत आधी झाडे लावणे, त्याच ठिकाणी आधी हवा मोजणे, असे हिशेब करून खर्च करावा लागतो.

बडोदेकरांना ओळखीचे

जन्म पाहून जागा नाकारणे बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले आणि त्या दिवशी ते कमाटीबागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपल्याला माहीत आहे. याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांच्या लढ्याची माहिती मागवली होती. जात आणि वंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण माणसाने कुठे राहावे हे जन्मावरून ठरले, की त्याने कोणते पाणी प्यावे आणि कोणत्या हवेत श्वास घ्यावा, हेही त्यातच ठरून जाते.

हे जुने नकाशे रिचमंड विद्यापीठाने 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' या नावाने इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत. आपली मुले राहतात ते शहर त्यात आहे का, हे त्यांच्याबरोबर बसून जरूर पाहावे. आणि पुढच्या वेळी "तो भाग चांगला नाही" असे कानावर आले, की तो भाग १९३८च्या सुमारास कोणत्या रंगात होता, एवढे विचारून पाहावे.